रेशनच्या पाटीवरचं ‘फेअर’

बेळगावात रेशनच्या दुकानावर कन्नडमध्ये ‘न्यायबेले अंगडी’ अशी पाटी असते. शिनोळीला महाराष्ट्रात शिरलात, की तसल्याच दुकानाचं ‘रास्त भाव दुकान’ होतं. इंग्रजी नाव दोन्हीकडे एकच, फेअर प्राइस शॉप. उसाचंही तेच. २००९-१० च्या हंगामापासून उसाच्या सरकारी किमान भावाची एसएमपी जाऊन एफआरपी, म्हणजे ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’ आली, तिच्यातला ‘एफ’ हाच. म्हणजे निपाणी-चिकोडीकडचा ऊसवाला या शब्दासाठी रस्त्यावरसुद्धा बसतो.

तरी आपल्याकडे कुणालाही विचारा, फेअर म्हणजे काय? गोरा! माझी खानापूरची भाची आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. फोनवर म्हणाली, “मी तर गोरा म्हणूनच पाठ केलो की गं मावशी.” तिला काय बोलणार? क्रीमच्या ट्यूबनं आणि लग्नाच्या जाहिरातींनी हा अर्थ घरोघरी पोचवलाय. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चं ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. स्थळं बघणाऱ्यांनी मात्र तो शब्द अजून सोडलेला नाही.

इथे इंग्लंडात फेअर हे केसांबद्दलही सर्रास म्हणतात. फेअर हेअर म्हणजे फिकट, सोनेरी केस. पण रोजच्या बोलण्यात हा रंगाचा अर्थ तसा कमीच कानावर पडतो. जास्त ऐकू येतो तो रास्तचा, आणि त्याच्या मागोमाग ‘बरा’चा. आपली मुलं अडखळतात ती या ‘बरा’पाशी.

जुनी पुस्तकं विकणारे प्रतीची अवस्था ठरलेल्या शब्दांत सांगतात. त्यात फेअर येतं गुडच्या खाली आणि पूअरच्या वर. मजकुराची पानं सगळी आहेत, बाकी पुस्तक चांगलंच झिजलंय, एवढाच त्याचा अर्थ. शब्द गोड वाटला म्हणून मागवलंत, तर हातात काय पडेल ते आधीच सांगून ठेवते. साहेबानं कामाला ‘फेअर’ म्हटलं तरी पेढे वाटायचे नाहीत. बरं आहे, चालेल, इतकंच. मात्र त्याच्यामागे ‘अ’ आणि पुढे ‘फ्यू’ लागलं, की माप एकदम वाढतं. अ फेअर फ्यू पीपल म्हणजे बरीच माणसं. फ्यू म्हणजे थोडे, हे पाठ करून आलेल्याचा इथे हमखास घोटाळा होतो. आपलं ‘बऱ्यापैकी’ डोक्यात ठेवलं तर यातलं बरंचसं सुटतं.

‘फेअर इनफ’ मात्र शब्दकोशात बघून कळत नाही. मीटिंगमध्ये तुम्ही काही सांगता आणि समोरचा म्हणतो, फेअर इनफ. त्याला तुमचं पटलंच असेल असं नाही. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, मी आता वाद घालत नाही, असा तो सूर असतो. आपल्याकडे मान डोलवून ‘असू दे, असू दे’ म्हणतात, त्याच्या जवळचा.

भाचीला मी अर्थांची यादी दिली नाही, उलटे शब्द दिले. फेअर केसांच्या उलट डार्क. फेअर हवामानाच्या उलट फाउल; बीबीसीच्या जहाजांसाठीच्या हवामानवृत्तात नुसतं ‘फेअर’ म्हणाले, की पाऊसबिऊस काही नाही. फेअर निर्णयाच्या उलट अनफेअर. आणि फेअर वहीच्या उलट रफ वही, हे तर तिला पहिलीपासून ठाऊक. उलटा शब्द बदलला की अर्थही बदलला, असं समजायचं.

तिनं लगेच विचारलं, “मग वडगावच्या मंगाईची जत्रा?” जत्रेला इंग्रजीत फेअर म्हणता येतं, पण तो शब्दच वेगळा. सणाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. विशेषण फेअर जुन्या इंग्रजीतलं, मूळ अर्थ सुंदर. दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार तेवढे सारखे.