कोकणात जुनी लेन्स: आधी डबा, मग काच

पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या घरात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि काचेवर बुरशी धरायला ६५-७० टक्के पुरतात. म्हणून कोणी जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सबद्दल विचारलं की मी पहिल्यांदा डबा आणायला सांगतो. झाकणाला रबर आणि चारही बाजूंना खटके असलेला १० लिटरचा हवाबंद डबा, त्यात पाव किलो नारिंगी सिलिका जेल पातळ कापडाच्या पुरचुंडीत, आणि आर्द्रतेचा आकडा दाखवणारा छोटा हायग्रोमीटर. आकडा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खाली नेण्यात फायदा नाही, आतलं ग्रीस सुकतं. जेलचा रंग बदलला की ते ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवायचं, गार झाल्यावर परत डब्यात. डबा रोज उघडत असाल तर आषाढ-श्रावणात हे पंधरवड्याला करावं लागतं. निळं जेल मी टाळतो, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणं निरुपयोगी, डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. आणि लेन्सबरोबर आलेली मूळ चामडी केस कितीही देखणी असली तरी वेगळी ठेवा. ती बुरशीचं माहेरघर असते.

मी वापरतो ती हेलिऑस ४४-२: ५८ मिलिमीटर, एफ २ (छिद्र पूर्ण उघडं असतानाचा आकडा), सोव्हिएत बनावटीची, कार्ल झाईस येनाच्या बायोटारवर बेतलेली. चार गटांत सहा काचा, छिद्र लहान-मोठं करणारी आठ पाती, कॅमेऱ्याला जोडायला एम ४२ म्हणजे ४२ मिलिमीटरचे आटे. आत विजेचं काहीच नाही, म्हणूनच ती घरी उघडता येते, आणि आमच्याकडच्या हवेत हा गुण फोटोच्या गुणांइतकाच मोलाचा आहे.

विकत घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. धूळ दिसेल, तिची काळजी नको. चार कणांनी फोटोत फरक पडत नाही. कडेकडून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती काढता येते. पण धाग्यांच्या जागी खरवडल्यासारखे कायमचे डाग असतील तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लेलं असतं, ते परत येत नाही. दोन काचा चिकटवलेल्या जोडकाचेच्या आतच धागे किंवा इंद्रधनुषी कडा दिसली तर लेन्स सोडून द्या, तिथे घरगुती उपाय चालत नाही. पात्यांवर तेलाचा ओलावा मात्र हेलिऑसमध्ये क्षम्य आहे. तिचं छिद्र प्रीसेट पद्धतीचं, हाताने फिरणारं. स्प्रिंगने झटकन मिटणाऱ्या पात्यांसारखं ते अडकून बसत नाही.

एम ४२ मध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्यांत सोनीच्या ई माउंटला हे अंतर १८, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २०. उरलेलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. निकॉनच्या आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरचं अंतर ४६.५, म्हणजे लेन्सपेक्षा जास्त, त्यामुळे तिथे साध्या अडॅप्टरवर दूरचं काही स्पष्ट येत नाही. काच घातलेला अडॅप्टर मिळतो, पण स्वस्तातली ती काच सगळी धार घालवते. त्यापेक्षा मिररलेस बॉडीची वाट पाहिलेली बरी. ज्या लेन्सना मागे पाती मिटवणारी पिन असते आणि ऑटो-मॅन्युअलचा खटका नसतो, त्यांना पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर लागतो. हेलिऑस ४४-२ ला पिनच नाही.

अडॅप्टर बरोबर आहे का हे समुद्राच्या क्षितिजावर कळतं. रत्नागिरीच्या रत्नदुर्गासारख्या उंच जागेवरून, एफ २ ला, फोकस रिंग शेवटच्या टोकाला नेऊन क्षितिज मोठं करून पाहायचं. टोकाच्या किंचित आधीच क्षितिज धारदार झालं तर अडॅप्टर जरासा पातळ आहे. चालेल, रिंगवरचे मीटरचे आकडे थोडे खोटे बोलतील एवढंच. टोकाला जाऊनही पुसट राहिलं तर अडॅप्टर जाड, परत करा. ही तपासणी एप्रिल-मेच्या धुरकट हवेत करू नये. पाऊस सरल्यावर हवा स्वच्छ होते, तेव्हा करावी.

बुरशी काढायला नाव कोरलेली पुढची रिंग रबरी बुचाने दाबून उलटी फिरवायची. मागचा काचांचा गट लेन्स स्पॅनरची टोकं खाचांत बसवून सोडवायचा. स्पॅनर घसरला की काचेवर ओरखडा ठरलेला, म्हणून काचेवर कागदाची गोल चकती ठेवून मगच जोर लावा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा आणि काच कोणत्या बाजूने वर होती ते लिहून ठेवा. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं की ३ टक्के होतं. हे आणि घरगुती अमोनिया समप्रमाणात, लागेल तेवढेच थेंब, उघड्या खिडकीजवळ. मिश्रण बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, वायू सुटून बाटली फुटते. लेन्स टिश्यू भिजवून मधून कडेकडे गोल फिरवत पुसायचं, दर फेरीला नवा टिश्यू. मिनिटभरात धागे सुटतात. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. जोडकाच द्रवात बुडवायची नाही, कडेने आत शिरलं की जोड सुटतो.

पापडासारखी लेन्सला उन्हं दाखवण्याचा सल्ला आमच्याकडे हमखास मिळतो. चार गट काचांतून अतिनील किरण फारसे आत पोचत नाहीत आणि वाढलेले धागे उन्हाने नाहीसे होत नाहीत. उलट तापल्यावर ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं.

कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, हादरे सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनला ५८ हा आकडा स्वतः भरा, मोड अपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद होऊ देऊ नका. हेलिऑसला दोन रिंगा आहेत: पहिलीवर एफ ४ लावून ठेवायचं, दुसरी पूर्ण उघडून फोकस करायचा, मग दुसरी अडेपर्यंत फिरवली की न बघता एफ ४ येतो. फोकस पीकिंगच्या, म्हणजे कॅमेरा स्पष्ट भागाभोवती दाखवतो त्या रंगीत कडांवर एफ २ ला विसंबू नका. या लेन्सची कड उघड्या छिद्राला मऊ असते आणि पीकिंग भलतीकडे लुकलुकतं. चित्र पाचपट मोठं करून डोळ्याच्या पापणीवर बघा. फुल फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर) १.२ मीटरवरून एफ २ ला स्पष्ट भाग जेमतेम ५ सेंटीमीटर असतो, म्हणून जवळच्या चेहऱ्याला रिंग फिरवत बसण्यापेक्षा स्वतः बोटभर मागेपुढे झुललेलं सोपं पडतं.

हेलिऑसमध्ये माणसामागची झाडं गोल फिरल्यासारखी दिसतात. ही गरगरणारी पार्श्वभूमी नारळ-पोफळीच्या आगरात जशी येते तशी मोकळ्या पुळणीवर येत नाही. कडेच्या प्रकाशबिंदूंना नळीची कड कापते आणि ते लिंबाच्या फोडीसारखे होतात. त्यासाठी मुळात बिंदू हवेत. झावळ्यांतून झिरपणारं सकाळचं नऊ-दहाचं ऊन, माणूस सव्वा मीटरवर, मागची झाडं पाच ते आठ मीटरवर, छिद्र पूर्ण उघडं. माणूस मधोमध ठेवा, कारण कडेची काच तशीही कच्ची आहे. एपीएस-सी या लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात, गरगर निम्मी होते.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना किंवा हर्णैच्या मासळीच्या लिलावात असा फोकस करायला वेळ नसतो. तिथे एफ ८, रिंग ३ मीटरवर. अडीच ते पावणेचार मीटरमधलं सगळं चालतं. मावळतीचा सूर्य समोर असेल तर जुन्या कोटिंगमुळे चित्र पांढुरकं पडतं. ४९ मिलिमीटरचं धातूचं हुड लावा आणि यूव्ही फिल्टर तेवढ्यापुरता काढा. एरवी खाऱ्या तुषारांसाठी तो असू द्या.

किनाऱ्यावरून परतल्यावर लगेच रिंग फिरवू नका. नळी बाहेर आलेली असेल तर तोंड खाली धरून ब्रशने रेती झाडा, गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने मीठ पुसा, कोरडी करा, मगच नळी आत घ्या. रेतीचा एक कण आट्यांत गेला की रिंग करकरते. मग हेलिकॉइड (फोकस रिंगचे आटे) उघडून जुनं ग्रीस लायटर फ्युएलने धुऊन नवं लावावं लागतं, अगदी पातळ थर. या आट्यांना सुरुवातीची तोंडं अनेक असतात, म्हणून ते जिथे सुटतात नेमकी तिथे दोन्ही भागांवर बारीक रेघ ओढून ठेवा. चुकीच्या तोंडातून चढवले तरी ते सुरळीत फिरतात, फक्त क्षितिज कधीच स्पष्ट होत नाही.