तुटलेली रेघ

मे महिन्यातला शनिवार. बेळगावात त्या दिवसांत दुपारभर घामाच्या धारा आणि चार वाजले की वळवाचं आभाळ. मी गावाबाहेरच्या एका ट्रॅकवर गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची ठेंगणी, उघडी छोटी गाडी, चालवायला शिकवतो. त्याआधी नऊ वर्षं उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर होतो. त्या दिवशी माझ्याकडं आलेला पोरगाही उद्यमबागेतलाच, फौंड्रीत मोल्डिंगला, खानापूरहून रोज ये-जा करणारा. पंधरा दिवसांवर कोल्हापुरात हौशी चालकांची शर्यत होती आणि याची फेरी 47 सेकंदांच्या खाली यायला तयार नव्हती.

"सर, गाडीच दमलीया. दुसरी द्या की."

दुसरी दिली. 47.1. मग त्याला हातमोजे काढायला लावले. दोन्ही तळव्यांवर अंगठ्याच्या मुळाशी टपोरे फोड. गाडीत काही खोट नव्हती.

हेअरपिनच्या, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणाऱ्या वळणाच्या, आतल्या बाजूला टायरांच्या भिंतीआड उकिडवा बसलो. मोटारीत दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल असतं, कार्टला ते नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर घट्ट बसवलेली, म्हणून दोन्ही सारखीच फिरतात. वळणात मात्र बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा. ही अडचण सुटते ती आतलं मागचं चाक क्षणभर जमीन सोडतं म्हणून. सस्पेन्शन नसतं, पण स्टेअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या कलामुळं आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, चौकट पिळते आणि मागचा आतला कोपरा उचलतो. हे बळानं होत नाही. हात एकदा नेमका वळवायचा, चाक उचललं की लगेच सैल सोडत बाहेर पडायचं.

हा काय करत होता? ब्रेक दाबलेलाच ठेवून वळणात शिरत होता. आमच्या कार्टचा ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर. म्हणजे मागची बाजू घसरायची, हा दात-ओठ खाऊन स्टेअरिंग आणखी पिळायचा, पुढचे टायर कर्र करत फरफटायचे आणि इंजिनचा आवाज बसायचा. 270 सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन, ताकद साधारण 9 हॉर्सपॉवर. एकदा बसलेला वेग परत मिळवायला अख्खा सरळ पट्टा खर्ची पडतो. फेरी तिथंच हरवत होती.

समजावलं. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या फेरीत तेच केलं.

तेवढ्यात वळीव कोसळला. वीसेक मिनिटांनी थांबला. मालक शटर ओढायच्या तयारीत. मी म्हटलं, मामा, दहा मिनिटं द्या, ट्रॅकवर हा एकटाच, आणि हळू. मामांनी हो म्हटलं.

आधी त्याला चालत हेअरपिनला नेलं. "चपलेनं घासून बघ." रोज जिथून गाड्या जातात तिथं टायरचं रबर बसून काळा, गुळगुळीत पट्टा झालेला. कोरड्यात तिथंच पकड मिळते, ओल्यात तो साबणासारखा होतो. त्याच्या बाहेर दोन हातांवर डांबर करडं, खरबरीत, पाय धरून ठेवणारं. फौंड्रीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो वाकून बोटांनी चाचपत राहिला, साच्यातली वाळू चाचपावी तसा.

पहिल्या फेरीत सवयीनं स्टेअरिंग पिळलं आणि गाडी सरळच्या सरळ टायरांच्या भिंतीला अलगद टेकली.

"सर, ऐकतच नाही ही."

"तू जास्त सांगूलालास तिला. कमी सांग."

तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावरच ब्रेक झाला आणि वळणाआधी सुटला. बाहेरच्या करड्या डांबरावरून रुंद आला, हात एकदाच वळले आणि सैल पडले. माझ्या डोळ्यांसमोर आतल्या मागच्या चाकाचे तुषार क्षणभर थांबले. आवाज बसला नाही. मी ओरडून त्याला थांबवलं, हाताला धरून मागं आणलं. ओल्या डांबरावर बाकीच्या चाकांच्या रेघा सलग, आतल्या मागच्या चाकाची मात्र वळणाच्या मध्यावर हातभर तुटलेली. तो तिथंच गुडघ्यावर बसला. "एवढंच व्हय?" पाच-सहा वेळा सांगून जे पोचलं नव्हतं ते त्या तुटक्या रेघेनं पोचवलं. मला भरून आलं. नऊ वर्षांत लेथवर असं कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी ट्रॅक कोरडा ठणठणीत. चौथ्या फेरीला 46.2. मी घड्याळ पुढं केलं, तर त्यानं बघितलंही नाही. पाण्याची बाटली घेऊन तो हेअरपिनकडं निघाला होता. वळणाच्या तोंडाशी आडवं पाणी ओतलं आणि परत येऊन गाडीत बसला.