कॉर्निशवरची ती रात्र

आमच्या वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याने भरलेले टब मांडून ठेवले होते. शुक्रवार, २७ सप्टेंबर २०१९. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची महिला मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने रात्री ११:५९ ला सुरू झाली होती, पण कतारच्या दोहात सप्टेंबरची रात्रसुद्धा कोणाला सोडत नाही. हवेत ३२-३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर. अशा हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, म्हणून अंग थंडच होत नाही. नर्स म्हणून मी तिथे सात वर्षं काम करत होते. तरी एका रात्रीत उष्माघाताचे इतके रुग्ण कधी हाताळले नव्हते.

कॉर्निशवर, म्हणजे दोहाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, ७ किलोमीटरच्या सहा फेऱ्या होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासूनच स्ट्रेचर येऊ लागले. ६८ जणी निघाल्या, त्यांतल्या २८ जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली. आमचा क्रम ठरलेला होता. आधी गुदद्वारातून तापमान घ्यायचं, कारण काखेतला किंवा तोंडातला आकडा अशा वेळी फसवतो. ताप ४० च्या वर आणि बोलणं भरकटलेलं असेल, तर लगेच टबात. रक्तातलं सोडियम पाहिल्याशिवाय सलाईन लावायचं नाही, कारण कोणी नुसतं पाणीच पीत आलेली असते आणि तिचं सोडियम आधीच उतरलेलं असतं. एक मुलगी टबात उतरवल्यावर माझं मनगट धरून बसली. ताप ३९ पर्यंत उतरला, तिला बाहेर काढलं, तरी तिने हात सोडला नव्हता. पहिला प्रश्न तिने विचारला तो आपल्या देशाच्या बाकीच्या मुलींचा: त्या पळताहेत ना?

माझ्यासोबत केनियाची एक नर्स होती. आघाडीचा घोळका तंबूसमोरून गेला की ती दारात जाऊन ओरडायची. रूथ चेपनगेटिचसाठी ओरडायची, ते कळत होतं, ती केनियाची. पण छातीवर बहारीन लिहिलेल्या रोज चेलिमोसाठीही ती तेवढ्याच जोराने ओरडत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, “अगं, ती तर तुमचा देश सोडून गेली.”

माझ्या बोलण्यात जुनी सल होती. मी माण तालुक्यातली, दहिवडीची. आमच्या मोहीची ललिता बाबर २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत पळायची शर्यत, पळाली, तेव्हा मी दोहातल्या खोलीत मोबाईलला डोळे लावून बसले होते. पहिली आली बहारीनची रूथ जेबेट, मूळची केनियाची. ट्रॅकच्या आत पाय पडला म्हणून तिला बाद केलं, ललिता रौप्यावर गेली, सुधा सिंग कांस्यावर. मग जेबेटला परत घेतलं. ललिता पुन्हा कांस्यावर, सुधाच्या हाती काहीच नाही. त्या रात्री मी अण्णांना फोनवर म्हटलं होतं, “हे पदक बहारीनचं कसलं, केनियाचंच. विकत घेतलेलं.” पुढे जेबेट उत्तेजकांत सापडून निलंबित झाली, तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं होतं.

माझ्या बोलण्यावर माझी सहकारी रागावली नाही. सलाईनची नळी सोडवत म्हणाली, “आमच्याकडे मॅरेथॉन पळणाऱ्या बायका किती, तुला माहीत आहे? आणि संघात जागा तीन. चौथीने काय करायचं?” थोडं थांबून म्हणाली, “तू का आलीस इथे?”

मी उत्तर दिलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. मी आले पगारासाठी. माझी मुलगी दोहातच जन्मली, तिचा पासपोर्ट भारताचा. आमचं राहणं दर वेळी निवासी परवान्याच्या कार्डावरच्या तारखेवर. चेलिमोने मात्र पासपोर्टच बदलला. तिने जास्त घेतलं आणि जास्त दिलंही, हे मला त्या तंबूत दिसत होतं. खेळाडूंचा बाजार होतो, हेही खरंच. म्हणून तर २०१७ मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने खेळाडूंचं देश बदलणं थांबवलं आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले: तीन वर्षं थांबायचं, वय किमान २०, आणि बदल एकदाच. कोवळ्या पोरींना दलाल उचलून नेत असतील, तर ते थांबलंच पाहिजे असं मला आजही वाटतं. पण समोरून जाणारी बाई तिशीतली होती, २०१७ ची लंडनची विश्वविजेती. तिथे तिने केनियाच्या एडना किपलागाटला सात सेकंदांनी मागे टाकलं होतं.

शेवटच्या फेरीत चेपनगेटिच पुढे निघून गेली. २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंद. या स्पर्धेच्या इतिहासात विजेतीला इतका वेळ कधी लागला नव्हता. एका मिनिटाने, २:३३:४६ ला, चेलिमो आली. किपलागाट चौथी. मी हातात ओला टॉवेल घेऊन दारात उभी होते, आणि चेलिमो आली तेव्हा माझ्याही तोंडून ओरडणं निघालं.

ड्यूटी संपायला उजाडलं. अण्णांना फोन लावला.

“कोण आलं पयलं?”

“केनियाची. दुसरी बहारीनची.”

“म्हंजी ती बी केनियाचीच की. तूच म्हणाली हुतीस मागं.”

“नाही अण्णा,” मी म्हटलं, “बहारीनचीच.”