गोधड्या आणि कुलूप

थंडी ओसरली की आमच्या अमळनेरात गच्च्यांवर गोधड्या दिसायला लागतात. परवा दुपारी मीही आमच्या काढल्या, उन्हात टाकल्या आणि सवयीनं मोजल्या. ही मोजायची खोड आजीची. घरात तांबे किती, वाट्या किती, उशा किती, तिला तोंडपाठ. दारात एखादं भटकं पोरगं आलं की ती त्याला ओट्यावर बसवायची. कळण्याची भाकरी, ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार. आणि आत तोंड करून आईला सांगायची, "पोऱ्याले पोटभर जेवाले दे, पन भांडा मोजी ठेव." पोरगं ऐकायचं, आणि खाली मान घालून दुसरी भाकरी मागायचं.

आजीला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण अनाथ पोरांच्या एका जगप्रसिद्ध वसतिगृहाची सुरुवात अगदी अशीच झालेली आहे. डॉन बॉस्को म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरातली शाळा येते. मूळ प्रकरण इटलीतलं, तुरीन शहरातल्या वाल्दोक्को वस्तीतलं. जॉन बॉस्को हा कॅथलिक पाद्री १८४६ साली तिथं एका भाड्याच्या छपरात पोरं जमवायला लागला. कामासाठी खेड्यांतून आलेली, गवंड्यांच्या हाताखाली राबणारी, रात्री कुठंही पडणारी पोरं. काहींना त्यानं गवताच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, पांघरुणं दिली. सकाळी बघतो तर पोरंही नाहीत आणि पांघरुणंही नाहीत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, पावसात चिंब भिजलेला पंधराएक वर्षांचा एक मुलगा दारात उभा राहिला. अनाथ, गवंडीकाम करणारा, खिशातले पैसे संपलेले. पाद्रीबुवांच्या मनात अजून ती पांघरुणं. त्यांची आई मार्गेरिता म्हणाली, स्वयंपाकघरात झोपू दे. हे म्हणाले, भांडी नेईल. ती म्हणाली, नाही नेणार, मी बघते. त्या मुलाला हाताशी घेऊन तिनं बाहेरून विटा आणल्या, चार खांब रचले, वर फळ्या, त्यावर गवताची गादी. मार्गेरितेनं मुलाला कष्टाबद्दल आणि देवाबद्दल चार शब्द सांगितले आणि बाहेर येऊन स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

हे कुलूप मला फार आवडतं. एखादा गोडबोल्या चरित्रकार ते गाळूनच टाकेल. पण पाद्रीबुवांनी स्वतःच ते लिहून ठेवलं. त्या मुलाचं नाव मात्र लिहिलं नाही. पुढे तिथं शेकडो पोरं राहिली, १८५३ पासून शिवणकाम आणि चांभारकाम शिकू लागली. १८५९ साली पाद्रीबुवांची सेल्सियन संस्था निघाली, डॉन बॉस्को शाळा चालवते तीच, आणि १९०६ साली तिची माणसं तंजावरला पोहोचली.

आमच्या गावाला हे नवल वाटू नये. साने गुरुजी इथं प्रताप हायस्कुलात होते तेव्हा छात्रालय त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे. दुसऱ्याच्या पोराचं अंथरूण घालणं हे भाषणापेक्षा अवघड काम आहे. मला विचाराल तर पोटच्या पोरांचंसुद्धा घालायचा कंटाळा येतो.

मार्गेरितेलाही आला होता. तिनं अंगणात भाजीचे वाफे केले होते, आणि लुटुपुटुच्या लढाईत पोरांनी ते पार तुडवून टाकले. रात्र रात्र यांच्या फाटक्या चड्ड्या शिवायच्या आणि वर हे! ती लेकाला म्हणाली, मी गावी निघाले. तो काही बोलला नाही, फक्त भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवलं. ती राहिली, आणि १८५६ साली तिथंच वारली.

वाफे दुसऱ्या दिवशी तिनंच सारखे केले असणार. पोरांना सांगितलं असतं तर उरलेली भाजीही गेली असती.