सातवाहनांतला ‘सात’

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुधा जोडीनेच येतो: सातवाहन या प्राचीन राजघराण्याच्या नावाचा अर्थ सात वाहनं असा का, आणि ही मंडळी मूळची आपली की आंध्रातली?

नावापासून सुरुवात करू. जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचं फारसं काही उरलेलं नाही, पण वर कोरलेली बरीच नावं वाचता येतात. पहिलं आहे घराण्याच्या पहिल्या राजाचं, ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’. ब्राह्मीत, म्हणजे या लेखांच्या लिपीत, अक्षराच्या उजवीकडे छोटी आडवी रेघ असते, ती काना समजायची. म्हणजे ‘सा’ दीर्घच आहे. आपला आकडा मात्र ‘सप्त’वरून ‘सत्त’ आणि ‘सत्त’वरून ‘सात’ असा पुष्कळ नंतर घडला. सिमुकाच्या काळी तो ‘सत’ असा कोरला गेला असता, कारण तेव्हा एकाच व्यंजनाचं द्वित्व लिहीत नसत. म्हणून सात घोड्यांच्या सूर्यरथाशी जोडलेली व्युत्पत्ती मला पटत नाही. ती आजच्या मराठी कानाला गोड लागते, इतकंच.

नाशिकच्या लेण्यांत कण्ह राजाच्या लेखात हेच नाव ‘सादवाहन’ असं येतं. प्राकृतात स्वरांमधल्या त चा द होतो, त्यामुळे तो वेगळा शब्द नाही. अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त सात नावाचा यक्ष राजाचं वाहन होतो. काही अभ्यासकांनी मुंडा या आदिवासी भाषांतले घोडा आणि मुलगा या अर्थाचे शब्द जोडून ‘अश्वपुत्र’ असा अर्थ लावला. मला मात्र नाणेघाटातलाच दुसरा पुरावा जास्त मोलाचा वाटतो: तिथे एका मूर्तीवर ‘कुमारो सातवाहनो’ आहे. हे मुलाला ठेवायचं साधं नाव होतं, आणि अशाच नावाच्या कुणा पूर्वजावरून कुळाचं नाव पडलं असावं.

या घराण्यातल्या ‘शातकर्णी’ या राजनावाला शंभर कान चिकटवण्यातही तीच चूक होते. लेखांत ‘सातकणि’ आहे, तिथेही ‘सा’ दीर्घ, आणि शंभर म्हणजे ‘शत’. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईच्या गोत्रावरची नावं. गौतमीपुत्र शातकर्णीच्या आईचं, राणीचं, स्वतःचं नाव बलश्री, गौतमी हे गोत्रनाम. त्यावरून मातृसत्ता होती असं म्हणता येत नाही, कारण गादी पुरुषांकडेच जात होती.

आता आंध्र. पुराणं या राजांना आंध्र किंवा आंध्रभृत्य (आंध्रांचे सेवक) म्हणतात, पण त्यांच्या स्वतःच्या एकाही लेखात तो शब्द नाही. नाशिकच्या लेणे क्र. ३ मध्ये पुळुमावी राजाच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षीचा बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाचे प्रदेश मोजलेत: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनुप, विदभ, आकरावंति. आंध्र त्यात नाही. (याच लेखातल्या पर्वतांच्या यादीत सह्याद्रीसोबत पूर्वेचा महेंद्रही आहे, हे लपवू नये.) पुराणं गुप्तकाळाच्या आसपास शेवटच्या रूपात आली. तोवर या घराण्याची सत्ता कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी सरकून संपलीही होती. शेवटचा पत्ता पाहून मूळ गाव लिहिलं गेलं, असं माझं मत आहे.

याच्या विरुद्ध उभी आहेत तेलंगणातल्या कोटिलिंगालची नाणी. त्यांवर सिमुकाचं नाव वाचलं गेलं आहे. बळ्ळारीकडच्या एका लेखात ‘सातवाहनिहार’ हा प्रांत येतो खरा, पण तो लेख पुळुमावी नावाच्या राजाच्या काळचा, म्हणजे सिमुकाच्या पुष्कळ नंतरचा आहे. राजाचं नाव प्रांताला नंतरही पडतं, म्हणून त्यावर मूळ स्थान ठरवणं धोक्याचं. कोटिलिंगालला मात्र असं बाजूला सारता येत नाही. जुन्नर, नाशिक, पैठण या पट्ट्यातले लेख कितीही भक्कम असले तरी सिमुकाची नाणी गोदावरीच्या खालच्या अंगाला का सापडतात, याचा हिशेब प्रत्येकाला द्यावाच लागतो.