चौदा अधिक सात

रविवार, रात्री साडेदहा

आज पोळ्यांची ऑर्डर नव्हती, म्हणून दिवाळीआधी कपाट आवरायला घेतलं आणि यांच्या अपघाताची निळी फाइल हाती आली. आवरणं राहिलं बाजूला, वाचतच बसले.

ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा; त्याच्या कायद्याला एक परिशिष्ट आहे. कुठला अवयव गेला की कमावण्याची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, याचा तक्ता. अख्खी तर्जनी 14 टक्के. मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के. अंगठा 30. एका हाताची चारही बोटं गेली तर 50. यांचं 14 अधिक 7. मेडिकल बोर्डासमोर हात पुढे करून उभे राहिले, पाच मिनिटांत आटोपलं. बाहेर टपरीवर चहा पिताना म्हणाले, "अंगठा वाचला म्हणून बरं." मी म्हटलं, "हो ना." भावात म्हटलं तर अंगठा महागच होता, हे दोघांच्याही मनात आलं असणार.

भरपाई म्हणजे पगाराच्या 90 टक्क्यांचे 21 टक्के. दिवसाला शंभरएक रुपये पडतात, जन्मभर. नाव ठेवणार नाही मी त्याला. शेजारच्या प्रेसवर, म्हणजे ठोका मारून साच्यातून भाग काढणाऱ्या यंत्रावर, ठेकेदाराचा पोरगा होता, त्याचं तर ईएसआयचं कार्डच नव्हतं. पण पगार म्हणजे कागदावरचा पगार. आमचं घर चालायचं ओव्हरटाइमवर आणि तो मिळायचा पाकिटातून. पाकिटाची नोंदच कुठे नाही, मग ते बंद झाल्याची नोंद कोण घेणार?

गेल्या वर्षीचा श्रावण. सोमवार होता, मी साबुदाणा भिजवला होता. भोसरीच्या कारखान्यातून फोन आला तेव्हा आधी "किरकोळ लागलंय" म्हणाले. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे ठोक्याच्या वेळी हात डायखाली, म्हणजे साच्याखाली, राहूच शकत नाही. एका बटणात पाचर मारून ठेवली की एक हात मोकळा होतो आणि तासाला जॉब, म्हणजे तयार भाग, जास्त निघतात. पाचर कुणाच्या सांगण्यावरून मारली ते सगळ्या शिफ्टला माहीत होतं. कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं.

सोबतच्या माणसाने बोट रुमालात गुंडाळून, पिशवीत बर्फ घालून आणलं होतं. केवढी समज त्या माणसाला! पण डॉक्टरांनी उघडून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. पात्याने तुटलेलं बोट कधी कधी जोडता येतं. प्रेसखाली चेचलेलं सहसा नाही.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी मऊ मातीसारखा गोळा दाबायला दिला होता. मी म्हटलं, माती कशाला, रोज चार किलो कणीक आहे की! तेव्हापासून कणीक हेच तिंबतात. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिल्यांदा. सासूबाई सुरुवातीला तोंड फिरवून बसायच्या, आता "अजून मळ, सैल आहे" म्हणतात. पोळ्या लाटून माझंच मनगट सुजतं, पण ते कुठल्या तक्त्यात नाही.

शर्टाची बटणं लावायला मी पुढे झाले की हे मान वर करून भिंतीकडे बघत राहायचे, डॉक्टरने तपासावं तसे. मग एके दिवशी तीन चांगले शर्ट बोहारणीला दिले, मला न विचारता. आता टी-शर्टच घालतात. त्या शर्टांवर आलेली वाटी रोज वापरते मी. राग अजून गेलेला नाही.

बँकेत सही जुळेना म्हणून दोनदा परत पाठवलं. धाकटीने वहीवर यांची जुनी सही गिरवून घेतली, पानंच्या पानं. तीन बोटांत पेन धरायचं ते अंगठा आणि अनामिकेत धरून. शेवटी नवीच सही नोंदवली. कामावर परत घेतलं, पण गेटवर, वहीत गाड्यांचे नंबर लिहायला. तिथे ओव्हरटाइम नाही. मोठ्याचा नववीचा क्लास बंद झाला. त्याने तक्रार केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रात्री नसलेलं बोट खाजतं. उठून बसतात आणि हवेत खाजवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांना होतं, बोट गेलेलं मेंदूला कळायला वेळ लागतो.

यंदा गल्लीच्या गणपतीत प्रसाद वाटायला मी होते. सोळा वर्षं याच गल्लीत राहते, पण हातांकडे कधी बघितलं नव्हतं. शिऱ्यासाठी पुढे आलेल्या हातांत चार हात अपुरे होते. एक तर किराणावाल्या काकांचा, आधी तेही प्रेसवरच होते म्हणे. दुकान भरपाईच्या पैशांतून टाकलेलं, हे मला तेव्हा कळलं. सुटे पैसे ते नेहमी डाव्या हाताने देतात म्हणून मी त्यांना मनात नावं ठेवायचे.

संध्याकाळी यांनी माळ्यावरून कामट्या काढल्या. आकाशकंदील दरवर्षी घरीच करतात, गेल्या वर्षी केला नव्हता. मी काही बोलले नाही, खळ शिजवून दिली. कामटीवर कामटी ठेवून दोरा गुंडाळला, पण गाठ मारायची म्हणजे पहिल्या वेढ्यावर बोट हवं. दोन वेळा सुटलं. तिसऱ्यांदा मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या मोठ्याला म्हणाले, "ए, इथे बोट ठेव."

त्याने न बघताच ठेवलं. यांनी दातांनी दोरा ओढून गाठ आवळली, ती त्याच्या बोटासकट बसली. "बाबा! बोट!" असा ओरडला. हे हसायला लागले, मग तोही. सोडवून परत बांधली. एका चांदणीला बारा गाठी लागतात, अजून नऊ राहिल्यात. उद्या त्याची शाळा सकाळची आहे, म्हणून बाकीच्या संध्याकाळी.