आमची वाटचाल : इन्व्हर्टरच्या दुकानातून लॅपटॉपच्या बॅटरीकडे

सांगलीत आमचं दुकान उभं राहिलं ते भारनियमनामुळे. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी काढली त्यांना वेगळं सांगायला नको. वीज कधी जाणार त्याचं वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि घरातलं दळण, पाणी, पोरांचा अभ्यास त्याच्यावर बेतलेला. सासऱ्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या विकायला सुरुवात केली. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, म्हणून दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे आलं. लॅपटॉप तेव्हा मोजक्यांकडेच होते: सीएंची ऑफिसं, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, मार्केट यार्डातले काही हळदीचे व्यापारी. वीज गेली तरी हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर चालू राहावं म्हणून व्यापाऱ्यांनी ते घेतलेले. बॅटरी बसली की ही मंडळी आमच्याकडे यायची, कारण पाटीवर ‘बॅटरी’ असं ठळक लिहिलं होतं. ‘यात पाणी घालून देता का?’ असंही एकाने विचारलं होतं.

त्या काळात खालची खिटी सरकवली की बॅटरी हातात यायची. आत बहुतेक वेळा लिथियमचे सहा गोल सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. दोन-दोनच्या तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या असतात, त्यातून ११.१ व्होल्ट मिळतात. पॅक गेला म्हणजे सहाही सेल गेले असं फारसं नसायचं. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, तसं एका जोडीने मान टाकली की बाकीच्या धडधाकट असून उपयोग नाही. गिऱ्हाईक सांगायचं, ‘चाळीस टक्के दाखवतंय आणि धाडकन बंद पडतंय.’ ते ऐकल्यावरच बॅटरी उघडल्याशिवाय अंदाज यायचा.

मग सेल बदलून का देत नाही, असं लोक अजून विचारतात. काही काळ दिले. पण पॅकमध्ये चार्ज मोजणारी एक चिप असते. सेल काढताना तिचा पुरवठा तुटला की काही चिपा स्वतःला कुलूप लावून घेतात, आणि नवे सेल बसवूनही पॅक चार्ज घेत नाही. शिवाय वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र बांधणं म्हणजे पुढचं दुखणं आजच विकत घेणं. लिथियमच्या बाबतीत ‘चालतंय की’ हे धोरण मला पटत नाही. ते काम आम्ही बंद केलं.

नव्या बॅटऱ्या मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून यायच्या. तिथे एकाच मॉडेलची बॅटरी तीन भावांत मिळायची आणि तिन्हींवरचं स्टिकर सारखंच. ५२०० एमएएच, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, छापायला काय जातं? सासऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. किराणा दुकानात असतो तसा काटा काउंटरवर आणून ठेवला. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे सहा सेलचेच पावणेतीनशे ग्रॅम झाले. वरचं प्लास्टिक आणि सर्किट वेगळं. पूर्ण पॅकच त्याच्या खाली भरला तर आतला माल हलका. ‘काय वहिनी, बॅटरी किलोवर विकायला लागला काय?’ अशी चेष्टा व्हायची, पण पुढे लोक दुसरीकडून घेतलेली बॅटरीसुद्धा तोलायला आणू लागले. वजनावरून सगळं कळत नाही. जड पण जुना माल असतोच, कारण लिथियमची बॅटरी नुसती खोक्यात पडून राहिली तरी म्हातारी होते. म्हणून उत्पादनाची तारीख बघायची, आणि आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे का तेही.

आमच्या धंद्याला खरं वळण लागलं ते मोजायला लागल्यावर. विंडोज ८ पासून मशीनमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो. मूळ क्षमता किती होती आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर किती भरते, हे दोन आकडे त्यात समोरासमोर दिसतात. समजा मूळ ४१ वॉट-अवर आणि आता भरते २३. टायपिंग, थोडं इंटरनेट असं काम असेल तर मशीन ताशी दहाएक वॉट-अवर खातं, म्हणजे सव्वादोन तास. तोच गिऱ्हाईक स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून व्हिडिओ एडिटिंग करणार असेल तर तासभरही निघणार नाही. ‘बॅकअप किती देईल?’ या प्रश्नाला आम्ही आता तासांत उत्तर देत नाही. अहवालाचा कागद काढून देतो आणि उलट विचारतो, काम काय करता? कितीतरी जणांना बॅटरी न विकताच परत पाठवलंय. पार्श्वभूमीला चालणारी प्रोग्रामं बंद करून आणि पंख्यातली धूळ काढून त्यांचं भागलं. सासरे त्यावर कुरकुर करायचे, पण तीच माणसं पुढे इन्व्हर्टर घ्यायला आली.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेले लॅपटॉप पोत्यातून आले. आम्ही हार्ड डिस्क वाचवायच्या मागे लागलो आणि भिजलेल्या बॅटऱ्या सरळ बाद केल्या. त्यावर कुणाशी घासाघीस केली नाही.

लॉकडाऊनमध्ये माळ्यावरचे लॅपटॉप शाळेसाठी खाली आले आणि दिवसभर चार्जरला लावलेलेच राहिले. त्यानंतर फुगलेल्या बॅटऱ्यांची रीघ लागली. आता बॅटऱ्या चपट्या, पाऊचच्या (मऊ पाकिटातल्या) आणि मशीनच्या पोटात स्क्रूने बसवलेल्या. फुगल्या तरी बाहेरून दिसत नाही. टचपॅडचं क्लिक लागेनासं होतं, टेबलावर ठेवलं की मशीन डुगडुगतं, झाकण नीट मिटत नाही. लोक टचपॅड बदलायला येतात आणि दुखणं खालच्या बॅटरीचं निघतं. कारण बहुधा एकच: कायम शंभर टक्के चार्ज, वर उष्णता. मे महिन्यातली सांगली आणि गादीवर ठेवलेला लॅपटॉप, म्हणजे बघायलाच नको. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका आणि चार्जिंगला तर लावूच नका. आमच्याकडे ती वाळूच्या डब्यात जाते आणि पुढे परवानाधारक रिसायकलरकडे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, पण भंगारवाला अजून वजनावरच मागतो.

हल्ली बहुतेक कंपन्यांच्या मशीनमध्ये चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. कुठे ती कंपनीच्या ॲपमध्ये सापडते, कुठे बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चालू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. ज्यांचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही त्यांना आम्ही ती चालू करून देतो, पैसे घेत नाही. दोन दिवसांनी फोन येतो, ‘मॅडम, चार्ज होईना झालाय, ऐंशीवरच अडकलाय.’ परत समजवायचं. परवा एका द्राक्ष बागायतदारांनी तर ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, ‘पैसे शंभर टक्क्यांचे दिलेत, मग मी ऐंशीच का वापरू?’ मी म्हटलं, पुण्याला जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढा, आल्यावर परत लावा. ते म्हणाले, ‘ते तुम्हीच येऊन करा.’ आता ते पुण्याला निघायचे झाले की आदल्या संध्याकाळी फोन करतात आणि आमचा मुलगा फोनवरून बटणं सांगतो.